ठाण्याला गाडी १८५३ साली आली, रेल्वेवेड्यांचं मराठी मासिक कुठे अडकलं?

कोपरीकर (ठाणे पूर्व)

गेल्या रविवारी माळ्यावरची ट्रंक उतरवली. बायकोची खात्री होती की आत वाळवी असणार. वाळवी नव्हती. ‘द रेल्वे मॅगझिन’ या इंग्रजी मासिकाचे १९५१ सालचे सहा अंक होते, १९८६ मध्ये जांभळी नाक्याजवळच्या एका रद्दीवाल्याकडून किलोवर घेतलेले. दोनच अंकांना कव्हर आहे, बाकीचे बोडके. पण या सहा अंकांनी माझी अकरावी खाल्ली, म्हणून जपून ठेवलेत.

त्यात ‘ब्रिटिश लोकोमोटिव्ह प्रॅक्टिस अँड परफॉर्मन्स’ नावाचं सदर आहे. नाव जडजंबाल, काम साधं. लेखक गाडीत खिडकीशी बसतो, हातात स्टॉपवॉच, नजर मैलाच्या खांबांवर. घरी येऊन तक्ता लिहितो: स्टेशन, अंतर, मिनिटं, सेकंद, वेग. मग त्या तक्त्यावर दोन पानं बोलतो, की चढाला इंजिनाने दम कुठे सोडला, सिग्नलने कुठे अडवलं. चार्ल्स राउस-मार्टन नावाच्या पत्रकाराने हे सदर १९०१ मध्ये सुरू केलं. १९०९ पासून सेसिल जे. ॲलन यांनी ते जवळजवळ पन्नास वर्षं चालवलं. एक माणूस, एक सदर, पन्नास वर्षं. आपल्याकडे पन्नास वर्षं एका चाळीत राहणारे लोक आहेत, पण एक सदर लिहिणारे मला माहीत नाहीत.

१९८७ च्या पावसाळ्यात मी बाबांचं एचएमटी घड्याळ घेऊन तोच उद्योग फास्ट कर्जतमध्ये केला. ठाणे आणि दिव्याच्या मधला पारसिकचा बोगदा १.३ किलोमीटर. अंधार पडला की मोजायला सुरुवात, उजेड आला की थांबायचं. आत पोरं बोंबलत असायची, त्यात सेकंदकाटा दिसायचा नाही, म्हणून शेवटी मनातल्या मनात आकडे म्हणायचो. ६५ सेकंद आले. म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. ती वही अजून आहे. ती दाखवायला माणूस मात्र कधी मिळाला नाही, आणि धागा काढायचं कारण तेच.

हे मासिक लंडनमध्ये जुलै १८९७ ला निघालं आणि आजही निघतं. पहिल्या संपादकाचं नाव जी. ए. सेकॉन. हे टोपणनाव, खरं आडनाव नोक्स, ते इंग्रजीत उलटं वाचलं की सेकॉन. १९१० मध्ये हा गृहस्थ बाहेर पडला आणि त्याने रेल्वेवरच दुसरं मासिक काढलं. (मराठी साहित्यविश्वाशी ओळख असलेल्यांना हे नवीन वाटू नये.) अमेरिकेत १९०६ मध्ये फ्रँक मन्सीने ‘रेलरोड मॅन्स मॅगझिन’ काढलं, त्यात रेल्वेवाल्यांच्या गोष्टी असत. जपानमध्ये ‘तेत्सुदो फॅन’ १९६१ पासून चालू आहे.

आता आपलं बघा. १६ एप्रिल १८५३ ला गाडी ठाण्यात आली. १८६६ मध्ये याच गावातून ‘अरुणोदय’ हे मराठी वर्तमानपत्र निघालं. १८९३ मध्ये इथे मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. म्हणजे गाडी होती, छापखाना होता, वाचक होता, संपादकांची तर कधीच ददात नव्हती. तरी निव्वळ रेल्वेवेड्यांसाठी काढलेलं एकही मराठी नियतकालिक माझ्या पाहण्यात नाही. रेल्वे बोर्डाची मासिकं आहेत, इंग्रजी १९५६ पासून आणि हिंदी ‘भारतीय रेल’ १९६० पासून, पण ते सरकारचं बोलणं. वेड्यांचं आपापसातलं बोलणं वेगळं.

याने नुकसान काय झालं ते सांगतो. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकदिश विजेवर. ती डीसी २०१६ च्या एप्रिलमध्ये हार्बरवरून गेली आणि मुंबईतून संपली. ९१ वर्षांचा कारभार. त्यावर मराठीत सलग पंधरा पानं कुणी लिहिली असतील तर मला दाखवा, मी वडापाव देईन. २०२२ च्या फेब्रुवारीत ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन सुरू झाली आणि फास्ट लोकलचा पारसिक बोगदा सुटला. आता तिथून मेल-एक्स्प्रेस जातात. तीन पिढ्यांनी ज्या अंधारात आरोळ्या ठोकल्या तो अंधार गेला, आणि त्याची कुठे साधी नोंद नाही.

माझं मत: छंदाला मासिक नसेल तर छंद एकेका माणसाबरोबर जळतो. ठाण्यातून दर दिवाळीला एक अंक निघायला हवा. छापील. बोला.

पारसिक_उतार

निघेल की. पान १ ते ४०: १८५३ च्या गाडीची साहिब, सिंध, सुलतान ही इंजिनं, १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफा. पान ४१ ते ४४: जाहिराती. दर १६ एप्रिलला पेपरात जे येतं तेच, फक्त गुळगुळीत कागदावर.

घणसोलीचा_गण्या

कोपरीकर काका, लेख आवडला, मत अजिबात पटलं नाही. जरा सविस्तर भांडतो.

पहिली गोष्ट, छंद मासिकाने वाढवला हे तुम्ही गृहीत धरलंय. इंग्लंडात पोरंसोरं फलाटावर वही घेऊन उभी राहायला लागली ती एका पुस्तिकेमुळे. १९४२. ऐन युद्ध. सदर्न रेल्वेच्या वॉटर्लूच्या ऑफिसात इयन ॲलन नावाचा विशीतला कारकून शौकिनांच्या पत्रांना उत्तरं द्यायचा. अमुक इंजिनाचा नंबर काय, तमुकचं नाव काय, रोज तेच प्रश्न. कंटाळून त्याने सगळ्या इंजिनांची यादी केली. कंपनी छापायला तयार होईना, म्हणून स्वतः छापली. एक शिलिंग किंमत, २००० प्रती, हातोहात संपल्या. पुढे त्याने बाकीच्या कंपन्यांच्याही याद्या काढल्या. त्याचं ‘ट्रेन्स इलस्ट्रेटेड’ हे मासिक आलं १९४६ मध्ये. म्हणजे आधी यादी, मग मासिक. तुमच्या अंकांना तेव्हा पन्नास वर्षं होत आली होती, पण शाळेतलं पोरगं त्या जाडजूड तक्त्यांकडे कशाला बघेल? त्याला हवा होता नंबर आणि नंबराखाली रेघ मारायला पेन्सिल.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी वस्तू मासिक नव्हे. फलाटावर आणि डब्यात विकलं जायचं ते लोकलचं खिशातलं टाइमटेबल. आमच्या आजोबांकडे ते असायचं, त्यात ते पेनाने रोजचा उशीर लिहायचे. ठाण्याचा खरा रेल्वे अंक तो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुम्ही ज्या राउस-मार्टनना हार घालताय त्यांचीच कथा ऐका. ९ मे १९०४. प्लिमथहून लंडनला बोटीची टपाल घेऊन जाणारी ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीची खास गाडी, इंजिन ३४४० ‘सिटी ऑफ ट्रुरो’. वेलिंग्टनच्या उतारावर राउस-मार्टन स्टॉपवॉच घेऊन बसलेत. आकडा आला ताशी १०२.३ मैल. ताशी १०० मैल ओलांडल्याची नोंद. मग काय केलं साहेबांनी? लोक घाबरतील म्हणून कंपनीला फक्त एकूण प्रवासाच्या वेळा छापून हव्या होत्या. तर जून १९०४ च्या रेल्वे मॅगझिनमध्ये त्यांचा लेख आला आणि त्यात तो सर्वोच्च वेग नाही! त्याच गाडीत टपालखात्याचा एक माणूस होता, विल्यम केनेडी. त्याच्याकडेही घड्याळ होतं. त्याच्या आकड्यावरून प्लिमथच्या दोन स्थानिक पेपरांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी छापलं की वेग ९९ ते १०० मैल गेला.

म्हणजे शौकिनांचं मासिक गप्प, गावातला पेपर बोलला. मासिकाला कंपनीची मर्जी सांभाळायची होती. पास, फूटप्लेटवरची (इंजिनात ड्रायव्हरशेजारची) जागा, फोटो, सगळं तिच्याच हातात. तुमच्या दिवाळी अंकाचंही तेच होणार. पहिल्या पानावर कुणाचा तरी शुभेच्छा संदेश, मग उशिराबद्दल एक ओळ नाही. त्यापेक्षा सगळ्यांनी मोजलेल्या वेळा एका तक्त्यात टाका, ज्याला हव्या त्याला द्या. कागद कशाला?

ऐरोलीकरीण

दोघांनाही एक हिशेब देते, मी शाळेत गणित शिकवते म्हणून राहवत नाही.

पाव मैलाचे खांब. पाव मैल ९ सेकंदांत कापला तर वेग बरोबर १०० मैल. ८.८ सेकंदांत कापला तर १०२.३. त्या काळच्या स्टॉपवॉचची टिक पंचमांश सेकंदाची, म्हणजे ०.२. तेव्हा टपालवाल्याच्या १०० मध्ये आणि पत्रकाराच्या १०२.३ मध्ये फरक आहे फक्त एका टिकचा. अंगठा किंचित आधी दाबला की विक्रम, किंचित उशिरा दाबला की नाही. कोण गप्प बसलं यावर तुम्ही भांडताय. मला तर वाटतं गप्प बसण्यात थोडा शहाणपणाही होता.

आणि कोपरीकर, ६५ सेकंद मनात आकडे म्हणून? एक सेकंद इकडेतिकडे झाला तर तुमचा वेग साधारण १.१ किलोमीटरने हलतो हो फक्त, तेवढं चालेल. पण मनातले आकडे घाईत असताना पाच-सात सेकंद सहज खातात. पुन्हा मोजता येणार नाही हेच वाईट.

मी स्वतः मासिकबिसिक वाचणारी नाही. ठाण्याहून ९ किंवा १० नंबरवरून ट्रान्सहार्बर धरते, आणि २०१९ पासून वहीत वेळ लिहिते: सुटली कधी, ऐरोलीला टेकली कधी. सुरुवात झाली ती मस्टरवर उशिराची लाल रेघ पडायची म्हणून. पुढे सवयच लागली. जानेवारी २०२४ मध्ये मधे दिघा गाव स्टेशन सुरू झालं. माझ्या वहीत ठाणे-ऐरोली त्या आठवड्यापासून दीड-दोन मिनिटांनी लांबलं ते स्पष्ट दिसतं. मी रेल्वेवेडी आहे का? मला नाही वाटत. मला वेळेवर घरी जायचं असतं.

कोपरीकर

बाई, तुम्ही वेड्याच आहात, फक्त अजून कुणी सांगितलं नव्हतं.

गण्या, तुझी ट्रुरोची कथा खरी आहे, पण तू ती मध्येच सोडलीस. राउस-मार्टननी १९०५ मध्ये तो आकडा छापला, इंजिनाचं आणि कंपनीचं नाव न घेता. १९०८ मध्ये ते गेले, त्याच्या आधी इंजिनाचं नावही सांगून गेले. कंपनीने अधिकृत दुजोरा दिला तो थेट १९२२ मध्ये, त्यांचंच एक जुनं पत्र छापून. म्हणजे उशीर झाला हे मान्य, पण आज सव्वाशे वर्षं होत आली तरी लोक त्या उतारावर एकेक पाव मैल धरून भांडतात. कशाच्या जोरावर? माणसाने नाव लावून, पद्धत सांगून आकडे ठेवले म्हणून. पेपरातली ओळ दुसऱ्या दिवशी भेळेच्या कागदात गेली असती.

आणि तुझा तक्ता. तो कोण सांभाळणार? तू. तुझं लग्न झालं, बदली झाली, पासवर्ड विसरलास, की संपलं. माझे १९५१ चे अंक रद्दीच्या काट्यावरून, पस्तीस किलो पेपरांबरोबर, पावसात भिजून माझ्याकडे आले आणि अजून वाचता येतात. कागदाचा एवढा एकच गुण मला पुरेसा आहे.

घणसोलीचा_गण्या

अंकांना कव्हर नाही असं तुम्हीच लिहिलंय काका. :)

एक_रोल_कॅमेरा (बेलापूर)

मासिक का निघालं नाही याचं माझ्यापुरतं उत्तर फार छोटं आहे. फोटो.

१९९४. एका मोठ्या जंक्शनच्या पुलावर उभा होतो. छत्तीसचा रोल, त्यातले बावीस फोटो झालेले. खाली दोन जुनी डब्ल्यूसीएम (डीसीवरची इंजिनं) जोडीने उभी होती, दुपारचं ऊन तिरकं पडलेलं. मागून एक खाकी हात आला. ‘परमिशन?’ नव्हती. स्टेशन, पूल, बोगदे ही संवेदनशील ठिकाणं, हे मला माहीत होतं, पण पोराटोरांना कोण विचारतो असं वाटलेलं. त्याने मला काही केलं नाही. शिवीसुद्धा दिली नाही. शांतपणे कॅमेऱ्याची पाठ उघडली आणि सगळा रोल उन्हात ओढून काढला, टेलर टेप ओढतो तसा. माझ्या हातात ते भेंडोळं दिलं आणि म्हणाला, घरी जा.

आता सांगा, फोटो नसलेलं रेल्वे मासिक कोण घेणार? इंग्लंडातही पोरांनी काही कमी त्रास दिला नाही. १९४४ मध्ये टॅमवर्थला रुळांत घुसणाऱ्या पोरांवरून बोंब झाली, तेव्हा त्याच इयन ॲलनने लोकोस्पॉटर्सचा, म्हणजे इंजिनांचे नंबर टिपणाऱ्यांचा, क्लब काढला, आणि रुळांवर पाय ठेवायचा नाही ही शपथ सभासदाला घालून दिली. रेल्वेला एक जबाबदार तोंड मिळालं बोलायला. आपल्याकडे तोंडही नव्हतं आणि मासिकही. नुसता हवालदार होता.

पारसिक_उतार

आता हातात फोन आलेत, पुलावर उभं राहून रील काढतात. हवालदारही मागे उभा राहून बघतो. त्यामुळे ही सबब आता चालणार नाही.

निवृत्त_मोटरमन (कळवा)

नातीने धागा वाचून दाखवला. तीच टाइप करते आहे.

तुम्ही सगळे डब्यातून मोजता. मी ३१ वर्षं पुढून बघितलं. गाडी कळव्याला चाळीस सेकंद उशिरा आली एवढं तुम्ही लिहिणार. का आली ते कोण लिहिणार? पुढे पिवळा सिग्नल होता, की कॉशन ऑर्डर (हळू जायचा लेखी हुकूम) होती, की ट्रॅकवर माणूस होता. त्या चाळीस सेकंदांत काय झालं हे लॉबीत, आमच्या हजेरीच्या खोलीत, बसून दोन शब्दांत लिहून द्यावं लागतं आणि घरी येऊन जेवण जात नाही. तुमच्या तक्त्यात तो रकाना आहे का? मासिक असो नाहीतर कॉम्प्युटर, माझ्या दृष्टीने एकच.

डीसी जाण्याबद्दल वर लिहिलंय, ते घाईत लिहिलंय. एका दिवसात गेली नाही. जानेवारी २०१४ मध्ये कल्याणकडून कुर्ल्यापर्यंत तारेत एसी (प्रत्यावर्ती) वीज आली. कुर्ल्याच्या पुढे सीएसटीपर्यंत डीसीच, ते जून २०१५ ला बदललं. हार्बर त्यानंतर. मधलं दीड वर्ष एकाच गाडीने अर्धा रस्ता २५ हजार व्होल्टवर आणि अर्धा १५०० वर जायचं. बदलाच्या जागी तारेत वीजच नसायची. पाटी दिसली की हँडल शून्यावर घ्यायचं आणि गाडी जोरावर तशीच पुढे जाऊ द्यायची. आत दिवे जायचे, पंखे मंद व्हायचे, डबा एकदम शांत. मग फक्त चाकांचा आवाज. पब्लिकला वाटायचं लाइट गेली. कोणीतरी हमखास ओरडायचं. मला ती शांतता आवडायची. सिग्नलने नेमकं तिथेच थांबवलं तर पंचाईत, गाडी बिनविजेच्या पट्ट्यात अडकली की सुटका सोपी नाही. म्हणून आधीचा सिग्नल कसा आहे ते बघून वेग राखायचा. हे आम्ही एकमेकांना तोंडी सांगायचो.

मी मात्र लिहिणार नाही. नोकरीत होतो तोवर परवानगीशिवाय लिहिता येत नव्हतं, आता सवय राहिली नाही. आणि आमच्या माणसांना तुमच्या मासिकात कौतुक नको, चूक होऊ नये म्हणून वाचायला हवं असतं.

घणसोलीचा_गण्या

आजोबा, नमस्कार. कोपरीकर काकांच्या शंभर ओळींनी माझं मत हललं नव्हतं, तुमच्या शांततेने थोडं हललं. हे तक्त्यात बसत नाही, कबूल. पण हे दिवाळी अंकात आलं असतं का? तिथे ते ‘लोकलच्या आठवणी’ होऊन आलं असतं, शेवटी जीवनगाणं वगैरे. मला भीती त्याची आहे.

तुर्भे_ऑफसेट

गप्पा छान चालल्यात, मधे धंद्याचं बोलतो. एमआयडीसीत बावीस वर्षं मशीन चालवतोय, दिवाळी अंकांचे जॉब दर वर्षी असतात.

दिवाळी अंक मजकुरावर निघत नाही, जाहिरातीवर निघतो. श्रावणातच जाहिराती जमवायला लागतात. सराफ, सहकारी बँक, बिल्डर, क्लास. मजकूर शेवटच्या आठवड्यात येतो आणि त्यावरच सगळ्यांची ओरड होते. रेल्वेच्या अंकाला जाहिरात कोण देणार? ‘स्टेशनपासून सात मिनिटं’ लिहिणारे बिल्डर देतील, पण मग आपल्या ऐरोलीच्या बाई स्टॉपवॉच घेऊन त्या साइटवर जातील आणि पुढच्या वर्षी जाहिरात बंद.

कागदाचं रडगाणं नवीन नाही. कोपरीकरांच्या त्याच मासिकाला युद्धात कागद मिळेना, तेव्हा ते दोन महिन्यांतून एकदा निघायला लागलं. बंद नाही केलं. पानं कमी करा, खेपा कमी करा, पण चालू ठेवा, हा खरा धडा. आपल्याकडे पहिला अंक १८० पानी रंगीत, दुसरा निघतच नाही.

माझा हिशेब: एक फर्मा, १६ पानं, काळा-पांढरा, मधे पिना. कागद तुमचा, छपाई माझी. गणपतीनंतर आणि दसऱ्याआधी मशीन दोन दिवस मोकळं असतं. त्याच्या पुढे मी नाही.

पारसिक_उतार

१६ पानांत तर तोफांच्या सलामीलाही जागा पुरणार नाही. मग मी आहे बाबा.

कोपरीकर

१६ म्हणजे फारच कमी. निदान दोन फर्मे? पहिल्या अंकात १८५३ वर एक पान तरी लागेल, ठाण्याचा अंक आहे.

घणसोलीचा_गण्या

अर्धं पानही नाही. १८५३ आलं की मी गेलो. आणि शुभेच्छा संदेश नाही, कुणाचाच. अंकातला प्रत्येक आकडा कुणी, कशाने, कुठे बसून मोजला ते त्याच्या खाली. तुमचे ६५ सेकंद छापायचे तर ‘मनात आकडे म्हणून’ हेही छापायचं. एवढं कबूल असेल तर तक्ता मी लावून देतो, पण छापल्यावर तोच तक्ता सगळ्यांना फुकटही खुला राहील. कागदाने तो झाकायचा नाही.

ऐरोलीकरीण

माझी वही मिळेल. पण २२ मार्च २०२० नंतर तिच्यात कोरी पानं आहेत. २१ ऑक्टोबरला बायकांना दुपारी आणि संध्याकाळी सातनंतर सोडायला लागले तेव्हा पहिली नोंद आहे, आणि शेजारी लिहिलंय ‘डब्यात चौघी’. मधल्या कोऱ्या पानांचं काय करायचं? गण्या म्हणेल आकडा नाही तर छापू नका. माझं म्हणणं ती पानं तेवढीच कोरी छापावीत.

तुर्भे_ऑफसेट

कोऱ्या पानालाही कागद लागतो बाई. एक ओळ कोरी ठेवू.

एक_रोल_कॅमेरा

माझ्याकडे बावीसमधला एकही नाही. पण तो ओढलेला रोल मी टाकला नव्हता. डबीत आहे, पूर्ण काळा. त्याचा फोटो काढून देऊ का? खाली लिहा, दोन डब्ल्यूसीएम, दुपारी साडेतीन.

कोपरीकर

द्या. तोच कव्हरला घेऊ. गण्या, यात आकडा आहे, साडेतीन. हरकत घेऊ नकोस.

घणसोलीचा_गण्या

घड्याळ कुठलं होतं तेवढं विचारा.

निवृत्त_मोटरमन (कळवा)

नात शाळेतून आल्यावर पुढचं वाचलं. लिहिणार नाही म्हणालो ते म्हणालो. पण विद्याविहार-कुर्ल्याकडे बिनविजेच्या पट्ट्याच्या पाट्या कुठे होत्या, हँडल कुठे शून्यावर घ्यायचो, सिग्नल कुठला बघायचो, हे काल रात्री एका फुलस्केपवर काढलंय. पेनाने आहे, रेघा सरळ नाहीत, माप घेतलेलं नाही. चालेल का?

ऐरोलीकरीण

खांबांचे नंबर टाका काका, मग चालेल.

निवृत्त_मोटरमन (कळवा)

नंबर आठवत नाहीत. उद्या सकाळच्या स्लोने जाऊन बघून येतो.